एव्हन्स्टनची गुणपत्रिका

शिकागो शहराच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या कांठीं, एव्हन्स्टन नांवाचें नगर आहे. तेथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डाइश स्टेडियमवर १९३२ सालच्या जुलै महिन्याच्या १६ तारखेस अमेरिकेंतील स्त्रियांचे राष्ट्रीय मैदानी सामने झाले. सर्व शर्यती संपून गुणांची बेरीज झाली, तेव्हां सांघिक अजिंक्यपदाच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर इलिनॉय विमेन्स ॲथलेटिक क्लब हा बावीस मुलींचा संघ होता. त्याचे गुण २२. पहिल्या क्रमांकावर, ३० गुण मिळविणारा, टेक्सस संस्थानांतील डॅलस शहरच्या एम्प्लॉयर्स कॅझुअल्टी कंपनीचा संघ होता. ह्या विजयी संघांत खेळाडू एकच होती.

ही हकीकत अमेरिकेंत इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, तिला आतां दंतकथेचें रूप आलें आहे. आणि एखाद्या गोष्टीची दंतकथा झाली म्हणजे नायिकेखेरीज बाकीचीं पात्रें अंधारांत जातात. वस्तुतः त्या दिवशींचे सामने केवळ राष्ट्रीय अजिंक्यपदाचे नव्हते. दोनच आठवड्यांनीं लॉस एंजेलिस येथें ऑलिंपिक सामने भरावयाचे होते, आणि त्यांसाठीं अमेरिकेच्या स्त्रियांचा संघ ह्याच निकालावरून निवडला जाणार होता. मैदानावर मोजण्याचीं साधनें दोनच: मोजपट्टी आणि घड्याळ. त्यांना माणसाचें कुळ, वर्ण किंवा मिळकत कळत नाहीं. परंतु मैदानाबाहेर बसून ज्यांनीं ह्या निकालाचा अर्थ लावला, त्यांना त्या सर्व गोष्टी चांगल्याच कळत होत्या. एव्हन्स्टनच्या त्या दुपारची कथा रंजक आहे ती मोजपट्टीमुळें. विचार करण्यासारखी आहे ती पुढें घडलेल्या गोष्टींमुळें.

स्त्रियांनीं धांवण्याच्या व उड्या मारण्याच्या शर्यतींत उतरावें कीं नाहीं, हा वाद त्या काळीं अमेरिकेंत चांगलाच पेटलेला होता. हौशी खेळाडूंची ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन ही मध्यवर्ती संस्था १८८८ सालीं स्थापन झाली. पण स्त्रियांचे पहिले राष्ट्रीय मैदानी सामने तिनें भरविले ते १९२३ सालीं, न्यू जर्सी संस्थानांतील न्यूअर्क येथें. त्याच वर्षीं लू हेन्री हूव्हर ह्या बाईंच्या पुढाकारानें वॉशिंग्टन येथें एक परिषद भरली. स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणाचा भार वाहणाऱ्या अनेक विदुषी तिला हजर होत्या. मुलींनीं अवश्य खेळावें. परंतु चुरशीनें, प्रेक्षकांच्या गर्दीपुढें आणि पदकांसाठीं खेळूं नये, अशी त्यांची भूमिका होती. हा पक्ष कांहीं वेड्यांचा नव्हता. मुलींच्या खेळाचा बाजार मांडून पुरुष व्यवस्थापक त्यावर पैसा करतील, चार निवडक मुलींपायीं शाळेंतील बाकीच्या साऱ्या मुली बाकांवर बसून टाळ्या वाजवीत राहतील, ही त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. तथापि ह्या भीतीच्या पोटीं स्त्रीच्या नाजूकपणाविषयींची जुनी समजूतहि दडलेली होती, आणि १९२८ सालीं त्या समजुतीस एक चांगलें निमित्त सांपडलें.

त्या वर्षीं ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें मैदानी खेळांचें दार स्त्रियांना प्रथमच उघडलें. तेंहि केवळ पांच बाबींपुरतें. त्यांपैकीं ८०० मीटरच्या शर्यतींत जर्मनीची लीना राड्के २ मिनिटें १६.८ सेकंदांत पहिली आली, आणि हा नवा जागतिक उच्चांक होता. वर्तमानपत्रांनीं छापलें तें मात्र निराळेंच. मुली धडाधड कोसळल्या, कित्येकींना शर्यत पुरीहि करतां आली नाहीं, अशीं हृदयद्रावक वर्णनें जगभर गेलीं. खरी गोष्ट अशी कीं, अंतिम शर्यतींत नऊजणी धांवल्या आणि नऊहिजणी शेवटच्या रेषेपर्यंत पोंचल्या. शर्यत संपतांच पुरुष धापा टाकीत गवतावर आडवा झाला तर त्यानें सर्वस्व पणाला लावलें असें म्हणावयाचें, आणि स्त्रीनें तेंच केलें तर डॉक्टरास बोलवावयाचें, असा हा न्याय होता. त्या बातम्यांनंतर ८०० मीटरची स्त्रियांची शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती १९६० सालीं परतली. अमेरिकेंतील विरोधकांनीं तर लॉस एंजेलिसच्या सामन्यांतून स्त्रियांच्या सर्वच मैदानी शर्यती वगळाव्या अशी मागणी केली. ती मान्य झाली नाहीं, आणि स्त्रियांसाठीं सहा बाबी ठेवण्यांत आल्या. १९३२ सालीं हूव्हरबाईंचे पति अमेरिकेचे अध्यक्ष होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे विरोधी पक्षाचें वजन किती होतें तें कळून येईल.

मग अशा वातावरणांत मुलींना मैदानावर आणणार कोण? मोठमोठ्या स्त्रीविद्यालयांनीं ह्या बाबतींत पाठ फिरविलेली होती. तें काम शहरांतील क्लबांनीं आणि, जरा नवल वाटेल, विमाकंपन्या व कारखाने ह्यांनीं केलें. कंपनीचें नांव छातीवर मिरविणारा मुलींचा संघ जिंकला म्हणजे कंपनीची फुकट जाहिरात होते, हें व्यापाऱ्यांना लौकर उमगलें. डॅलसच्या एम्प्लॉयर्स कॅझुअल्टी कंपनींत कर्नल मेल्विन मॅकॉम्ब्ज हे गृहस्थ ह्या कामावर होते. त्यांनीं १९३० सालीं बोमाँट गांवच्या शाळेंत बास्केटबॉल खेळणारी एक मुलगी हेरली आणि तिला महिना ७५ डॉलर पगारावर कचेरींत टंकलेखनाच्या कामावर घेतलें. खेळाबद्दल पैसे घेतले तर खेळाडू धंदेवाईक ठरे व त्यास हौशी सामन्यांतून हांकलून देत. टंकलेखनाबद्दल पैसे घेण्यास कोणाचीच हरकत नव्हती. टंकयंत्रावर बोटें किती तास पडत आणि मैदानावर पाय किती तास पडत, ह्याचा हिशेब युनियननें कधीं मागितला नाहीं.

ही मुलगी म्हणजे मिल्ड्रेड डिड्रिक्सन. लोकांच्या तोंडीं तिचें नांव बेब. तिचा जन्म २६ जून १९११ रोजीं टेक्ससमधील पोर्ट आर्थर येथें झाला, जरी पुढें ती स्वतः कधीं कधीं त्यांतून तीन वर्षें वजा करी. आईबाप नॉर्वेहून आलेले. बाप सुतारकाम करणारा, आई तरुणपणीं बर्फावरील घसरपट्टींत तरबेज. घरीं मुलें पुष्कळ आणि पैसा बेताचा. डॅलसला आल्यावर तिनें कंपनीच्या बास्केटबॉल संघास १९३१ सालचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें, आणि त्याच वर्षीं जर्सी सिटी येथील मैदानी सामन्यांत अडथळ्यांची शर्यत, लांब उडी व बेसबॉलफेक ह्या तीन बाबी जिंकल्या. तिच्या अंगांत कमालीचा आत्मविश्वास होता, आणि तो ती झांकून ठेवीत नसे. प्रतिस्पर्ध्यांच्या खोलींत शिरून, दुसरा नंबर कोणाचा येणार, असें विचारण्याची तिला हौस होती. वार्ताहरांना ही तऱ्हा फार आवडे; बरोबरच्या मुलींना अर्थातच आवडत नसे.

१९३२ सालीं मॅकॉम्ब्ज ह्यांच्या डोक्यांत एक कल्पना आली. मागील वर्षीं एकटीनें तीन बाबी जिंकल्या. तेव्हां संघ पाठविण्याऐवजीं हिलाच संघ म्हणून पाठविलें तर? कल्पनेंत जाहिरातीचा भाग मोठा होता हें उघड आहे. परंतु ती पार पाडावयाची होती एका एकवीस वर्षांच्या मुलीला, आणि ती एका दुपारच्या सुमारें तीन तासांत.

एव्हन्स्टनला जमलेल्या मुली दोनशेंच्या वर होत्या. परंतु स्त्रियांच्या खेळांत त्या काळीं गाजलेलीं दोन नांवें तेथें नव्हतीं. बेटी रॉबिन्सन ही शिकागोजवळचीच; ॲम्स्टरडॅमला सोळाव्या वर्षीं १०० मीटरची पहिली ऑलिंपिक विजेती झालेली. १९३१ च्या जूनमध्यें विमान कोसळून ती मरतां मरतां वांचली, आणि मोडलेल्या पायामुळें ह्या खेपेस तिला घरींच राहावें लागलें. दुसरी स्टेला वॉल्श. जन्मानें पोलिश, वाढली क्लीव्हलंडमध्यें; १९३० सालीं तिनें अमेरिकेचीं तीन अजिंक्यपदें एकाच वेळीं मिळविलेलीं होतीं. मंदीच्या लाटेंत तिची आगगाडी कंपनींतील नोकरी गेली. क्लीव्हलंड नगरपालिकेनें क्रीडाविभागांत काम देऊं केलें. पण खेळाशीं संबंध असलेलें पगारी काम पत्करलें तर ती धंदेवाईक ठरणार. तेव्हां तिनें पोलंडच्या वकिलातींतील नोकरी धरली आणि पोलंडच्या नांवानें धांवण्याचें ठरविलें. विमाकंपनींतील टंकलेखिका हौशी आणि नगरपालिकेंतील क्रीडासेविका धंदेवाईक: नियमाची ही तऱ्हा येथेंच नीट पाहून ठेवलेली बरी.

सामन्यांच्या आदल्या रात्रीं डिड्रिक्सन हिचें पोट दुखत होतें आणि झोंप लागली नव्हती, असें तिनें १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे. सकाळीं उठण्यास उशीर झाला, रस्त्यांत मोटारींची गर्दी लागली आणि धांवण्याचे कपडे तिला टॅक्सींतच चढवावे लागले. मैदानावर संघांची नांवें पुकारूं लागले. एकेका नांवासरशी पंधरा-वीस मुलींचा घोळका पुढें येई. डॅलसच्या कंपनीचें नांव पुकारतांच ती एकटीच हात हालवीत धांवत बाहेर आली, आणि प्रेक्षकांनीं जो गजर केला त्यानें अंगावर कांटा उभा राहिला, असें ती सांगते. तिच्या सांगण्यांत तिखटमीठ नेहमींच थोडें अधिक असे. परंतु निकालाचे आंकडे तिखटमिठाशिवायच पुरेसे तेज आहेत.

दहांपैकीं आठ बाबींत तिनें नांव घातलें होतें. पुढील तीन तास ती एका कोपऱ्यांतून दुसऱ्या कोपऱ्यांत पळत होती. इकडे उडी संपते न संपते तों तिकडे गोळा वाट पाहत असे, आणि तिला दम घेऊं द्यावा म्हणून पंच मधून मधून थोडें थांबत. गोळाफेक ही कांहीं तिची आवडती बाब नव्हे. तरी ३९ फूट ६¼ इंचांवर गोळा टाकून तिनें ती जिंकली. लांब उडीचें अंतर १७ फूट ६⅝ इंच. बेसबॉलफेक म्हणजे आपल्या शाळांतून क्रिकेटचा चेंडू फेकण्याची शर्यत लावीत त्याच जातीची. तींत २७२ फूट २ इंच. ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची प्राथमिक फेरी ११.९ सेकंदांत आणि अंतिम फेरी १२.१ सेकंदांत. भाला पडला १३९ फूट ३ इंचांवर. ह्या शेवटच्या बाबींत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अवघ्या महिन्यापूर्वीं शिकागो येथेंच नॅन गिंडेल हिनें १५३ फुटांहून अधिक अंतरावर भाला फेकून जागतिक उच्चांक केला होता, आणि तो पुढें दहा वर्षें टिकला. ती गिंडेल त्या दिवशीं मैदानावर होती; पण हात साधला नाहीं. मैदानी खेळांत आदल्या महिन्याचें भांडवल खर्चाला मिळत नाहीं.

थाळीफेकींत डिड्रिक्सन चौथी आली, आणि १०० मीटरच्या शर्यतींत ती अंतिम फेरी गांठूं शकली नाहीं. राहिली उंच उडी. तेथें तिच्यासमोर जीन शायली उभी होती. ही पेनसिल्व्हेनियाची, फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठाची विद्यार्थिनी. स्वभावानें शांत व शिस्तीची. ॲम्स्टरडॅमला तिचा चौथा क्रमांक आला होता, आणि १९२९ पासून उंच उडीचें राष्ट्रीय अजिंक्यपद तिनें ओळीनें राखलें होतें. डिड्रिक्सन दांडीवरून मुसंडी मारल्याप्रमाणें अंग लोटी. शायली पाय आधीं टाकून कात्रीच्या चालीनें जाई. दोघीहि ५ फूट ३³⁄₁₆ इंचांवर थांबल्या आणि पहिला क्रमांक वांटून देण्यांत आला.

आतां हिशेब. पहिल्या क्रमांकास पांच गुण, दुसऱ्यास तीन, तिसऱ्यास दोन, चौथ्यास एक. पांच बाबींतील निर्विवाद पहिल्या क्रमांकांचे पंचवीस, उंच उडींतील पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांचे आठ गुण दोघींत सारखे वांटले, त्यांतले चार, थाळीफेकीचा एक. एकूण तीस. बावीस मुलींच्या संघाचे बावीस. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत ह्यापलीकडे फारसें कांहीं नव्हतें, आणि एका अर्थीं तें स्वाभाविकच होतें. असा प्रकार त्यापूर्वीं घडला नव्हता, आणि त्यानंतरहि घडला नाहीं.

परंतु त्याच गुणपत्रिकेच्या खालच्या ओळींत आणखी दोन नांवें होतीं. टायडी पिकेट ही शिकागोच्या एंगलवुड भागांतील, वय सतरा. शेजारच्या जॉन ब्रुक्स नांवाच्या लांब उडीच्या खेळाडूनें तिचे गुण ओळखून तिला शिकविलें होतें. लुईझ स्टोक्स ही मॅसॅच्युसेट्समधील मॉल्डन गांवची. १०० मीटरच्या शर्यतींतील कामगिरीवरून दोघींची निवड ४०० मीटर रिले शर्यतीच्या तुकडींत झाली. दोघीहि निग्रो होत्या, म्हणजे आज ज्यांना कृष्णवर्णी अमेरिकन म्हणतात त्यांपैकीं. अमेरिकेच्या ऑलिंपिक संघांत त्या वंशाच्या स्त्रियांची निवड होण्याचा हा पहिलाच प्रसंग. घड्याळानें ही निवड केली, तोंवर कोणी ब्र काढला नाहीं.

निवडलेल्या मुलींना घेऊन आगगाडी पश्चिमेकडे निघाली. वाटेंत डेन्व्हर येथें मुक्काम झाला. हॉटेलांत संघाच्या सन्मानार्थ मेजवानी होती; पिकेट व स्टोक्स ह्यांना मात्र वरच्या मजल्यावर, इतरांपासून दूर, एक खोली देण्यांत आली आणि त्यांचें जेवण तेथेंच पाठविण्यांत आलें. ह्या प्रवासांत गाडींत झोंपल्या असतां डिड्रिक्सन हिनें आपल्या अंगावर बर्फाचें पाणी ओतलें, असें पिकेट हिनें पुढें सांगितलें आहे. डिड्रिक्सन सर्वांचीच थट्टा करी, हें खरें. ही थट्टा मात्र थट्टेंत जमा करण्यासारखी नव्हती.

लॉस एंजेलिस येथें पुरुषांसाठीं ऑलिंपिक ग्राम वसविलें होतें; स्त्रियांची सोय विल्शायर रस्त्यावरील चॅपमन पार्क हॉटेलांत केली होती. संघाची नायिका जीन शायली. एका स्त्रीनें तीनच वैयक्तिक बाबींत उतरावें असा नियम असल्यामुळें डिड्रिक्सन हिनें भाला, अडथळे आणि उंच उडी निवडली. भालाफेकींत पहिल्याच फेकीला १४३ फूट ४ इंच अंतर गांठून तिनें सुवर्णपदक घेतलें. अडथळ्यांच्या शर्यतींत ती आणि शिकागोची एव्हलिन हॉल ह्या दोघी एकाच क्षणीं रेषेवर आल्यासारख्या दिसल्या. दोघींचीहि वेळ ११.७ सेकंद, नवा जागतिक उच्चांक. सुवर्णपदक मात्र डिड्रिक्सन हिला. रेषेवरची दोरी लागून आपल्या मानेवर वळ उठला होता, मग आपण मागें कशा, असें हॉल पुढें कित्येक वर्षें विचारीत असे.

उंच उडी ७ ऑगस्ट रोजीं झाली. एव्हन्स्टनची बरोबरी येथें तुटावयाची होती. दोघींनीं ५ फूट ५¼ इंच उंची ओलांडली. त्यापुढची दोघींनाहि साधली नाहीं. दांडी पुन्हां त्याच उंचीवर आणली. पुन्हां दोघीहि पार गेल्या. तेव्हां पंचांनीं निर्णय दिला कीं, डिड्रिक्सन हिची उडी नियमबाह्य आहे. दांडीवरून जातांना डोकें पायांच्या आधीं गेलें. सुवर्णपदक शायलीला, रौप्यपदक डिड्रिक्सनला. उच्चांकाच्या यादींत मात्र दोघींचींहि नांवें घातलीं. हा निर्णय विचित्र होता असेंच म्हणावें लागतें. ती सुरवातीपासून त्याच पद्धतीनें उड्या मारीत होती. एव्हन्स्टनला त्याच पद्धतीवर तिला अर्धें अजिंक्यपद मिळालें होतें. पद्धत चूक होती तर पहिल्या उडीलाच चूक होती. पुढें तो नियमच काढून टाकण्यांत आला. ह्या भांडणांत शायलीचें कर्तृत्व झांकोळूं नये. जी उंची त्या दिवसापूर्वीं जगांत कोणाहि स्त्रीनें ओलांडली नव्हती, ती तिनें निर्दोष रीतीनें ओलांडली होती.

त्याच दिवशीं रिले शर्यत होती. मेरी कॅर्यू, एव्हलिन फर्च, ॲनेट रॉजर्स आणि विल्हेल्मिना फॉन ब्रेमेन ह्या चौघी अमेरिकेतर्फे धांवल्या आणि जागतिक उच्चांक करून जिंकल्या. पिकेट आणि स्टोक्स प्रेक्षकांत होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेनें आधींच तार करून ह्या दोघींना वगळण्यास हरकत घेतली होती. तिचा उपयोग झाला नाहीं. जिंकलेल्या चौघींचा वेग खोटा नव्हता, आणि त्यांच्यावर दोष ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु आपण त्यांच्यांतील कांहींजणींहून सरस होतों, आणि आपल्याला राजकारणानें बसविलें, असें पिकेट हिनें बावन्न वर्षांनीं, १९८४ सालीं, एका वर्तमानपत्रास सांगितलें. तिच्या बोलण्यांत त्रागा नव्हता, खात्री होती.

समित्यांचें काम येथेंच संपलें नाहीं. १९३२ च्या डिसेंबरांत डॉज मोटारीच्या एका जाहिरातींत डिड्रिक्सन हिचें नांव व छायाचित्र झळकलें, आणि युनियननें तिला निलंबित केलें. आपण परवानगी दिली नव्हती असें तिनें कळविलें. थोड्या दिवसांनीं निलंबन मागें घेण्यांत आलें. पण तोंवर तिनेंच हौशीपणास रामराम ठोकला. दोन वर्षें विमाकंपनीनें तिच्या जिवावर जाहिरात केली तेव्हां ती हौशी होती. जाहिरातीचा फायदा स्वतः तिला होण्याचा संभव दिसतांच ती धंदेवाईक झाली. शायलीची गोष्ट तर ह्याहून खिन्न करणारी आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठीं तिनें पुन्हां उतरण्याचें मनांत आणलें, तेव्हां तिला अपात्र ठरविण्यांत आलें. शिक्षणाच्या खर्चासाठीं तिनें मुलांना पोहणें शिकवून पैसे घेतले होते. पोहणें शिकविण्यानें उंच उडींत अधिक उंच कसें जातां येतें, हें युनियनलाच ठाऊक.

डिड्रिक्सन हिनें कांहीं दिवस शिकागोच्या नाट्यगृहांत करमणुकीचे खेळ केले, बेसबॉल खेळली, आणि अखेरीस गोल्फकडे वळली. १९३८ सालीं जॉर्ज झहारिआस ह्या पहिलवानाशीं तिचें लग्न झालें. तेथेंहि हौशी आणि धंदेवाईक ह्या भिंतीवर ती पुन्हां आपटली. हौशी म्हणून मान्यता परत मिळण्यास तिला १९४३ पर्यंत थांबावें लागलें. १९४७ सालीं ब्रिटिश हौशी स्त्रियांचें अजिंक्यपद जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली. १९५३ मध्यें तिला आंतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर वर्षभरानें, १९५४ सालीं, तिनें अमेरिकेची खुली स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकानें जिंकली. २७ सप्टेंबर १९५६ रोजीं टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथें ती वारली.

पिकेट आणि स्टोक्स ह्या १९३६ सालीं पुन्हां संघांत आल्या. युनियनजवळ पैसा अपुरा होता. स्टोक्स हिच्या प्रवासासाठीं मॉल्डनच्या नागरिकांनीं वर्गणी जमविली. बर्लिनला पोंचल्यावर तिला दुसऱ्यांदा धांवूं दिलें नाहीं; ती परत आली ती गांवाच्या मिरवणुकींत, पदकाशिवाय. पुढें १९४१ सालीं तिनें आपल्या वंशाच्या स्त्रियांसाठीं बोलिंगच्या खेळाचा संघ उभारला. त्याच बर्लिनमध्यें बेटी रॉबिन्सन रिले शर्यतींत धांवली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. तिचा गुडघा नीट वांकत नव्हता, म्हणून सुरवातीला बसून धांव घ्यावी लागते ती पहिली जागा तिला देत नसत.

पिकेट हिनें तेथें ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत भाग घेतला. ऑलिंपिक मैदानावर उतरलेली ती पहिली कृष्णवर्णी अमेरिकन स्त्री. उपांत्य फेरींत तिचा पाय अडथळ्याला लागला, पावलाचें हाड मोडलें आणि शर्यत तेथेंच राहिली. त्या वंशाच्या स्त्रीला ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळालें तें आणखी बारा वर्षांनीं, १९४८ सालीं लंडन येथें ॲलिस कोचमन हिला, उंच उडींत. पिकेट शिकून शिक्षिका झाली आणि शिकागोजवळच्या ईस्ट शिकागो हाइट्स येथें एका प्राथमिक शाळेची तिनें तेवीस वर्षें मुख्याध्यापिका म्हणून सेवा केली. १९८० सालीं ती निवृत्त झाली, तेव्हां त्या शाळेला तिचें नांव देण्यांत आलें.